मिठाला न पडणारं लाल सोनं

सोनं लाल असतं म्हणाला, म्हणून सुहासचं सामान मी जिन्यात काढून ठेवलं व्हतं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. नातीनं मला हितं मोबाईलवर लिवायचं खातं काढून दिलंय. मी सांगते, ती बटणं बडवते. गोड करायचं न्हाई, अशी अट हाय.

आमचं घर माण गावाला. शेतात कंपन्या उभ्या राहिल्या, आमी घरावर खोल्या काढल्या. सुहास लातूरकडचा. बिनलग्नाचा, म्हणून गावात कुणी खोली देईना. मी दिली, पण डोळा ठेवून.

"काम काय करतोस?"
"लॅबमध्ये हाय, आजी. सोन्यावर काम."

सोन्यावर काम, अन् चपलेला खिळा मारलेला. बसंल का विश्वास?

झाडायच्या निमित्तानं त्याच्या खोलीत जायची मी. एक दिवस खिडकीत बाटली दिसली. बोटाएवढी. आत लालभडक पाणी.

"हे काय रे?"
"सोनंच हाय ते."

माझं डोरलं पिवळं. आईचं पिवळं. लाल सोनं कुटल्या गावाला असतं?

शेजारची कमळा म्हणाली, "रगात हाय ते. करणी हाय. माझी म्हस उगाच आटली न्हाई."

करणीला उतारा मिठाचा. तो कामावर गेला, मी दृष्ट काढायचं खडेमीठ घेऊन वर गेले. बूच काढलं, चिमूट टाकली.

लाल पाणी डोळ्यादेखत जांभळं झालं. मग निळं. शाईसारखं.

कमळा जिन्यातनंच ओरडली, "बघ! मिठापुढं टिकलं न्हाई, मिठाला पडलं!"

संध्याकाळी सुहास आला तर सामान जिन्यात. बाटली बघून आधी तोंड उतरलं त्याचं. मग हसायला लागला येड्यावानी.

"आजी, मीठ टाकलंत? आमची टेस्टच केली तुमी!"

तितंच पायरीवर बसून सांगितलं त्यानं. सोन्याचे कण इतके बारीक केले की लाल दिसतात. मीठ पडलं की एकमेकाला चिकटतात, रंग जातो. गाडीच्या धुरातलं विष मारायला असे बारीक कण लागतात. पण गाडी तापली की उष्णतेनं बी त्यांचा गोळा होतो, मग ते विष मारीत न्हाईत. त्यांना वेगळं कसं ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

"साबुदाण्याची खिचडी गिच्च होती ना, आजी, तसं."
"मग दाण्याचं कूट घाल."
"तेच चाललंय."

मला पटलं न्हाई. गोड बोलणारी पोरं लई बघितली मी. म्हणलं, "मिठाला न पडणारं आणून दाखव. दिवाळीपर्यंत मुदत. न्हाई जमलं तर खोली खाली कर."

मग बाटल्या यायला लागल्या. मी मीठ टाकायची, पाणी निळं व्हायचं, तो बाटली घेऊन वर जायचा.

"एवढं शिकलास, अन् चिमूटभर सोनं धड ठेवता येईना?"
"तुमी आमच्या सरांपेक्षा बेकार हायेत, आजी."

दिवाळीच्या तोंडावर एक बाटली पुढं धरली. "टाका."

चिमूट टाकली. लाल. आणिक टाकलं. लाल. यानं मीठ तर न्हाई ना बदललं, म्हणून कमळाच्या घरचं आणलं. तरी लाल.

"काय घातलंस यात?"
"एकेका कणाला वाळूचं कवच. कवचाला बारीक भोकं. धूर आत जातो, कण एकमेकाला भेटत न्हाईत. ह्याचीच पूड भट्टीत तापवली, तरी कण वेगळेच राहिले."
"म्हंजे सून कोंडली, अन् खिडकी उघडी ठेवली."

लई हसला. हसता हसता छाती धरून पायरीवर टेकला.

"काय रे?"
"ॲसिडिटी, आजी."

पुढं बी तसाच टेकायचा जिन्यात. दर वेळी ॲसिडिटी. मी ओवा द्यायची चावायला.

एक दिवस लॅबच्या गेटात पडला, तो उठलाच न्हाई. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

त्याचं सोनं मी खोटं म्हणलं. टेस्ट खोटी म्हणलं. लातूरचा हाय का न्हाई, ते बी बापाचा फोन येईस्तवर खरं मानलं न्हाई.

ॲसिडिटी तेवढी खरी मानली.

आता त्या खोलीत नागपूरचा पोरगा हाय. परवा जिन्यात दम खात थांबला. म्हणाला, "कुछ नहीं आजी, गॅस है." म्हणलं, गॅस डॉक्टरला दाखव, कागद आणून दे, तवर वरची किल्ली मिळायची न्हाई. शिव्या घालत गेला. पण गेला.

बाटली माझ्याकडं हाय, मिसरीच्या डब्याशेजारी. आज सकाळी परत चिमूट टाकून बघितली.

लालच हाय रे, सुहास.

जा आता सुखानं.