आमच्या माळावर पडलेला उत्तरेचा उजेड

ध्रुवाकडच्या आभाळात जो रंगीत उजेड पडतो म्हणतात, तो कुंडलजवळच्या आमच्या माळावर एकदा पडला होता, आणि तो बघायला मी माझ्या सासूला बैलगाडीत घालून नेलं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन नुकतं कुठं वर्ष सरलेलं. मी पाटणची, पावसातली. सासर इकडं, उसातलं. नवरा फौजेत, पार लडाखला. म्हणजे नवरा सोडून घरातल्या बाकी सगळ्यांबरोबर माझा संसार छान चालला होता.

पहिली रजा संपली तेव्हा ह्यांच्या ट्रंकेत लाडवांचा डबा ठेवता ठेवता मला रडू फुटलं. रडणाऱ्या बायकोचं काय करायचं हे फौजेत शिकवत नसावेत. हे टोपी हातात फिरवत म्हणाले, "तिकडं उत्तरंला थंडीत आभाळात उजेड पडतो. तांबडा, हिरवा. हलतो पण. इकडं कवा दिसला, तर समज मीबी त्योच बघतोय."

झालं! तेव्हापासून दिवेलागण झाली की मी परड्यात उत्तरेकडं तोंड करून हजर. मामंजी (म्हणजे सासरे) जाता येता विचारायचे, आला का गं उजेड? मी म्हणायचे, न्हाई अजून. ऐकणाऱ्याला वाटावं, आमच्या दारावरनं एसटी जाते आणि तिला उशीर झालाय. खरं सांगते, उजेडाचं मला काही पडलं नव्हतं. मला हे हवे होते. ते मिळत नव्हते, तर निदान ते बघतात ते तरी बघावं, एवढाच माझा हट्ट. भाकरी थापताना, धुणं बडवताना, सारखं तेच मनात.

आणि एका संध्याकाळी तो पडला. कडेगावच्या अंगाला, टेकाडाच्या वर, आभाळ तांबडंलाल. मी डोळे चोळून पाहिलं. तांबड्याच्या खालच्या कडेला चक्क हिरवं! आणि हलतंय! मी हातातली कळशी तिथंच सोडली आणि आत पळाले.

मामंजींनी बाहेर येऊन बघितलं आणि कडेगावात जत्रा असेल म्हणून निकाल दिला. मी म्हटलं, जत्रेतला उजेड हलतो का? त्यावर ते म्हणाले, हलवला तर हलतो. हा वाद बराच चालला असता, पण आत खाटेवरून आत्याबाईंचा (म्हणजे सासूबाईंचा) आवाज आला. त्या आठवडाभर पाय मुरगळून पडून होत्या आणि त्या दुखण्यानं घरात सगळ्यांना कामाला लावलं होतं.

"माझं पोर बघतंय त्यो उजेड मला बी बघायचाय," त्या म्हणाल्या. "गाडी जुपा."

आत्याबाईंनी जुपा म्हटलं की मामंजी जुपायचे. दाराला कुलूप घातलं, किल्ली आत्याबाईंनी कनवटीला खोचली, त्यांना उचलून गाडीत बसवलं आणि आम्ही निघालो. गल्लीतल्या बायका विचारू लागल्या, कुठं निघालाय? मी सांगितलं, आमचे हे बघतात तो उजेड आलाय. पुढच्या दारात त्याचं झालं, फौजेनं उजेड पाठवलाय. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत त्या उजेडात माणसंसुद्धा दिसत होती. एक म्हातारी तर नातवासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन गाडीमागं चालायला लागली. (तिचा नातू पुण्यात कारखान्यात होता. पण असो.)

टेकाडाच्या पायथ्याशी गाडी थांबली. उजेड आता चांगलाच वर आलेला. आत्याबाईंनी हात जोडले आणि आभाळाला म्हणाल्या, "बाळा, स्वेटर घालतोस न्हवं?"

कोणी हसलं नाही. मला तर हुंदकाच आला. शेजारच्या काकूंनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, आता रडू नकोस, नाव घे. बाकीच्या बायका लगेच मागं लागल्या, नाव घे, नाव घे. हळदीकुंकवाला उखाणा घेताना माझी त-त-प-प व्हायची, पण त्या दिवशी कुठून सुचलं कोण जाणे. पदर सावरला, उत्तरेकडं तोंड केलं आणि म्हटलं:

"उत्तरेला पडला उजेड, हिरवा आणि लाल,
शंकररावांना विचारते, रजेवर कवा याल?"

"आलोय की," आवाज आला. "किल्ली कुठाय?"

बायका किंचाळल्या. आत्याबाई मात्र जोडलेले हात तसेच ठेवून आभाळाला म्हणाल्या, "माझ्या कनवटीला हाय, बाळा."

मागं ट्रंक आपटल्याचा आवाज झाला तेव्हा आम्ही वळलो. हे उभे होते, घामाघूम. अचानक रजा मिळाली, कळवायला वेळ नव्हता, स्टँडवरनं चालत आले तर घराला कुलूप, मग गाडीच्या चाकोरीमागनं ट्रंक खांद्यावर घेऊन टेकाडापर्यंत. आत्याबाई मुरगळलेल्या पायाचं विसरून गाडीतनं खाली उतरल्या. आणि नेमके त्याच वेळी टेकाडावरून आमचे थोरले भावजी (म्हणजे ह्यांचे भाऊ) खाली आले, तोंड काळं, हातात लांब बांबू.

"गाव का गोळा केलंय?" ते म्हणाले. "पाचाट पेटवलंय नुसतं."

पाचट म्हणजे ऊस तोडल्यावर रानात उरतो तो वाळका पाला. मी कसंबसं विचारलं, मग हिरवा कसा? तर द्राक्षांवर फवारायच्या मोरचुदाची रिकामी पोती पडली होती, तीही त्यांनी जाळात टाकली होती, आणि मोरचुदानं जाळ हिरवा होतो. चटणीवाली म्हातारी तेवढी म्हणाली, "कशाचा का असंना, पोरगं आलं न्हवं?" आणि चटणी ह्यांच्या हातात दिली.

परतताना आत्याबाई गाडीत, ट्रंक गाडीत, आणि आम्ही दोघं चार हात अंतर ठेवून मागं. मी हळूच विचारलं, "आवं, तुमी बघताय त्यो असाच असतोय का?"

"मी कुठं बघितलाय?" हे म्हणाले. "आमच्यातल्या एकानं सांगितलं. त्यालाबी कुणीतरी सांगितलं हुतं. तू रडत हुतीस, म्हणून म्हटलं."

"मग सांजचं काय बघता तिथं?"

"दक्षिण," हे म्हणाले.

म्हणजे मी इकडं उत्तरेला तोंड करून, हे तिकडं दक्षिणेला. इतके दिवस आम्ही समोरासमोरच उभे होतो, मधे फक्त अख्खा हिंदुस्थान होता. आणि माणूस खरोखर आला त्या दिवशी मी त्याच्याकडं पाठ करून पाचटाला उखाणा घेत होते!

रजा संपली, हे गेले. पुढं कितीतरी वर्षं कुणी रानात पाचट पेटवलं की बायका मला हाक मारायच्या, "या बाहेर, तुमचं मालक आलं!" आणि चेष्टा आहे हे पुरतं ठाऊक असूनही मी पिठाच्या हातांनी बाहेर यायचे. उजेडाकडं बघायचेच नाही. आधी मागं वळून स्टँडकडच्या वाटेकडं बघायचे.