खोडलेला पाऊस

घाटघरचा पाऊस ज्या ओळीने खोडला, ती ओळ माझ्या हातची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि स्वतःला त्यातून वगळून चिडणं मला जमत नाही.

मी नारायणगावजवळच्या एका खेड्यातली. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आई अंगणवाडीत. गणित मला लहानपणापासून आवडायचं. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, तिथेच पीएच.डी.ला लागले. विषय होता डोंगरातल्या ओढ्यांना येणारा पूर. वर किती पाऊस पडला, उतार कसा आहे, मातीत किती मुरतं, यावरून खाली ओढ्यात किती वेळात किती पाणी येईल, हे समीकरणांत मांडायचं आणि संगणकाकडून सोडवून घ्यायचं. याला आम्ही मॉडेल म्हणतो. आमच्या भागात ते सोपं नव्हतं. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला घाटघरला पाऊस चार-चार दिवस उसंत घेत नाही, आणि त्याच दिवशी पूर्वेला आण्याच्या पठारावर लोक कोरड्या आभाळाकडे बघत असतात. मध्ये जुन्नर शहर, तिथे पाऊस बेताचा. म्हणजे तुम्ही कुठे मोजता, यावर सगळं अवलंबून.

म्हणून मी मोजायची ठिकाणं वाढवली. शेजारच्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या दोन गावांत एकेक आणि घाटघरच्या शाळेच्या आवारात एक, अशी तीन साधी पर्जन्यमापकं बसवली. वर नरसाळं, आत बाटली, बाहेर पत्र्याचा डबा. रोज सकाळी बाटलीतलं पाणी खुणांच्या काचेच्या नळीत ओतायचं आणि आकडा लिहायचा. घाटघरला हे काम शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी घेतलं. वय पन्नाशीचं, शिक्षण चौथीपर्यंत. पहिल्याच दिवशी त्यांनी नळी डोळ्यांसमोर धरली आणि विचारलं, "पाण्याची कड वाकडी दिसती. वरची धरायची का खालची?"

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हे आपण होऊन सुचत नाही, सांगावं लागतं.

मी त्यांना छापील तक्ते दिले. दिवसाला एक चौकोन. महिना संपला की त्यांची सून तक्त्याचा फोटो मोबाईलवर पाठवायची. रेंजसाठी तिला टेकाडावर चढावं लागे. दोन पावसाळे गेले, घाटघरचा एकही चौकोन रिकामा राहिला नाही. आंबेगावची दोन्ही मापकं मात्र बंद पडली. एक गुरांनी पाडलं, दुसऱ्याचा माणूस काम सोडून मंचरला गेला.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी आकडे घेऊन माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले. सर नावाजलेले. त्यांनी घाटघरच्या रांगेवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबले.

"हे काय आहे?"

"जुलैतला पाऊस, सर."

"तुझ्या बाटलीत आणि डब्यात मिळून जेवढं पाणी मावतं, त्याहून हा आकडा मोठा आहे. डब्यात मावणार नाही एवढं पाणी या बाईने मोजलं कसं? घरी बसून लिहिलंय."

असे अकरा दिवस निघाले. मी म्हणाले, "फोन करून विचारते, सर."

"विचारून काय सांगणार ती? गावाकडच्या लोकांना वाटतं, मोठा आकडा दिला की साहेब खूश. फिल्टर लाव आणि पुढे चल."

आणि मी पुढे चालले. मला फोन करता आला असता. सरांसमोर नाही तर खोलीवर येऊन, चहा पिता पिता. मी केला नाही. मी कोडमध्ये एक ओळ लिहिली: मापकात मावतो त्यापेक्षा मोठा आकडा आला तर तो पुसायचा आणि त्या जागी जवळच्या केंद्रावरून अंदाज भरायचा. जवळचं केंद्र म्हणजे जुन्नर शहर. अकरा दिवसांचा घाटघरचा पाऊस गेला आणि त्याच्या जागी जुन्नरच्या बाजारपेठेतली रिपरिप आली.

मॉडेल सुरेख जुळलं. का जुळलं, तेही सांगते. ओढ्याच्या पाण्याची आम्ही मोजलेली उंची होती ती सगळी मध्यम पावसाच्या दिवसांची. मोठ्या पुरात तिथे जाऊन मोजणार कोण? त्या मध्यम दिवसांवर आमची रेघ आणि ओढ्याची रेघ एकमेकींवर अशी बसली, की सरांनी तो ग्राफ मोठा छापून भिंतीवर लावला. त्यावरचा शोधनिबंध, म्हणजे आमचा पेपर, प्रसिद्ध झाला. पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं. मावशींचं नाव आभारातही नव्हतं. 'स्थानिक निरीक्षक' असे दोन शब्द होते.

त्याच सुमारास घाटघरच्या पुढच्या वाडीला जाणाऱ्या रस्त्याचं काम निघालं. मावशी त्याच वाडीत राहतात. रस्ता ओढा ओलांडतो तिथे काय बांधायचं, हे ठरवायला बांधकाम खात्याच्या कार्यालयाने सरांकडे सल्ला मागितला. आमच्या मॉडेलने सांगितलं, पाणी बेताचं येतं. वाडीतल्या लोकांनी स्लॅबचा पूल मागितला होता. त्यांना दोन सिमेंटच्या पाईपांची मोरी मिळाली. अहवालावर सरांची सही, जोडपत्रातली सगळी गणितं माझी.

पुढच्या पावसाळ्यात आवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपली आणि आठवड्याभरात ती मोरी तुंबली. वरून झाडोरा आला, दगड आले, पाईप बंद झाले. पाणी रस्त्यावर चढलं आणि रस्ताच घेऊन खाली उतरलं. खालच्या सहा घरांच्या भातखाचरांवर गुडघाभर दगड-मुरूम पसरला. नुकती लावलेली रोपं त्याखाली. मावशींची सून तेव्हा नवव्या महिन्यात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्स ओढ्याच्या अलीकडे उभी आणि ती पलीकडे. चौघांनी बांबूला घोंगडी बांधून तिला डोंगराच्या कडेने फिरवून आणलं. जी वाट एरवी दहा मिनिटांची, तिला तीन तास लागले. मुलगी गाडीतच झाली. मूल बरं होतं, पण आईचं रक्त फार गेलं. ती महिनाभर जुन्नरच्या दवाखान्यात होती.

मला हे कळलं ते मोबाईलवरच्या बातमीतून. बातमीत एका अधिकाऱ्याचं म्हणणं होतं: अभूतपूर्व पाऊस झाला, निसर्गापुढे कुणाचं चालतं?

मी दुसऱ्या दिवशी जुन्नरला उतरले, जीपने घाटघर गाठलं आणि ओढ्यापर्यंत चालत गेले. एक पाईप पन्नास पावलं खाली, खाचरात उभा रुतला होता. मावशी शाळेत होत्या. पाऊस मोजणं त्यांनी याही वर्षी चालू ठेवलं होतं. मी त्यांना विचारलं, "परवाचा पाऊस किती भरला?"

त्यांनी आकडा सांगितला. अकरा दिवसांपैकी निदान चार दिवसांचा आकडा त्याहून मोठा होता.

"मावशी, एवढं पाणी डब्यात मावतं कसं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं खिचडीत मीठ कधी घालतात असं विचारणाऱ्या बाईकडे बघावं. "मावंल कसं? म्या दुपारी वतते, सांच्याला वतते. बाटली भरली की मोजायचं, वतायचं, परत लावायची. सकाळी समद्याची बेरीज. तुमच्या कागदावर दिवसाला एकच चौकट, मंग बेरीजच लिवणार ना?"

त्यांनी मुलांच्या पाटीदप्तराच्या कपाटातून दोनशे पानी वही काढली. दुपार, सांज, सकाळ, प्रत्येक वेळचा आकडा वेगळा, खाली रेघ मारून बेरीज. जुलैच्या एका पानावर एका दिवसात पाच वेळा ओतल्याची नोंद होती. पाचव्या वेळेपुढे लिहिलं होतं, 'छत्री मोडली.'

मी तिथेच त्यांना सांगितलं. आकडे खोडले, मी खोडले, त्या आकड्यांवाचून गणित केलं आणि त्या गणिताने पाईप आले.

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "तू खोडलंस?"

"हो."

"मी काय खोटं लिवलं व्हतं? एकदा फोन न्हाई करायचा? सून टेकाडावर चढून फोटू धाडायची तुला. औंदा पोटुशी व्हती तरी चढायची. आन् तुमी तिकडं पुण्यात बसून म्हनता, ही बाई खोटारडी." त्यांचा आवाज चढत गेला. "आगं, पाऊस आमच्या डोक्यावर पडतो. त्यो आमाला म्हाईत नसंल तर कुनाला म्हाईत असंल?"

मी सातवीत असताना मला गणितात पैकीच्या पैकी मार्क पडले होते. गुरुजींनी मला शिक्षकांच्या खोलीत एकटीला बसवून तोच पेपर पुन्हा सोडवायला लावला. बौद्धवाड्यातल्या पोरीला एवढे मार्क पडतील यावर त्यांचा विश्वास बसेना. मी दात-ओठ खात सोडवला, पुन्हा पैकीच्या पैकी. तो राग मी इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि खुर्चीवर बसायची वेळ आली तेव्हा त्या गुरुजींहून वाईट वागले. त्यांनी निदान पेपर पुन्हा सोडवू दिला होता. मावशींना मी तेवढंही दिलं नाही.

पंधरा दिवसांनी जुन्नरला बैठक झाली. कार्यालयाचे इंजिनिअर, आमचे सर, वाडीतले दहा-बारा जण. मावशी वही पदराखाली धरून मागच्या रांगेत बसल्या होत्या. इंजिनिअर बोलले, "असा पाऊस आजवरच्या नोंदीत नाही. नोंदीत नसलेल्या पावसासाठी डिझाइन कसं करणार?"

मी उभी राहिले. "नोंदीत होता. आम्ही काढून टाकला."

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस खाली. हा तांत्रिक विषय आहे."

"तांत्रिकच सांगतेय, सर. याहून मोठा पाऊस दोन वर्षांत चार वेळा पडलाय. ज्यांनी मोजला, त्या इथे बसल्यात."

मावशी पुढे आल्या, वही टेबलावर ठेवली आणि इंजिनिअरांना म्हणाल्या, "वाचा, साहेब. आमी चौथी शिकल्याव, पन बेरीज येती. चुकली असंल तर दाखवा."

इंजिनिअरांनी खरंच बेरजा तपासल्या. तीन पानं. एकही चुकली नव्हती. त्यांनी वही सरांकडे सरकवली. सरांनी ती उघडली नाही. 'पद्धत प्रमाणित नव्हती,' एवढंच म्हणाले. मागून कुणीतरी ओरडलं, "पद्धत गेली खड्ड्यात राव, आमची खाचरं गेली!" आणि बैठकीत एकच गलका झाला.

बाहेर पडल्यावर सरांनी मला गाठलं. "तू स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास. तुझंही नाव आहे त्या पेपरवर."

"म्हणूनच बोलले, सर."

पुढचं थोडक्यात. त्यांनी मला सोडलं. नवीन मार्गदर्शक मिळायला वर्ष गेलं, प्रबंध तीन वर्षं लांबला. आई म्हणायची, "जे झालं ते झालं, पदवी तरी पदरात पाडून घे." वडील नातेवाइकांत विषय निघाला की उठून बाहेर जायचे. मी मॉडेल पहिल्यापासून मांडलं, वहीतल्या प्रत्येक ओतण्यासकट. वही मात्र मावशींनी दिली नाही. "न्यायची न्हाई. हितं बसून उतरून घे," म्हणाल्या. मी शाळेच्या ओट्यावर चार दिवस बसून उतरून घेतली. त्या चार दिवसांत त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. जेवायला वाढलं, पण समोर बसल्या नाहीत. ते बरोबरच होतं. सून बाळाला घेऊन एकदा आली, ती तर मला बघून दारातूनच परत गेली.

दोन पावसाळे वाडीने लाकडी ओंडक्यांवरून ओढा ओलांडला. तिसऱ्या वर्षी स्लॅबचा पूल झाला. त्याच्या फाईलमध्ये माझी नवी गणितं आहेत आणि मावशींच्या वहीच्या छायाप्रती, त्यांच्या पूर्ण नावासह. खाचरं अजून पूर्ववत झालेली नाहीत. मुरूम उपसून संपत नाही.

पेपर मात्र आहे तसाच आहे. दुरुस्ती छापा म्हणून मी त्या नियतकालिकाला लिहिलं. उत्तर आलं, सर्व लेखकांची संमती लागेल. सरांनी संमती दिली नाही. ते निवृत्त झाले, मोठा सत्कार झाला, भाषणांत त्या ग्राफचा उल्लेख झाला म्हणे.

गेल्या महिन्यात दुसऱ्या राज्यातल्या एका संशोधकाचा फोन आला. आमचं मॉडेल त्याला त्याच्याकडच्या डोंगरांसाठी वापरायचं होतं. "इतकं छान जुळलेलं मॉडेल मी पाहिलं नाही," असं तो इंग्रजीत म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं. फिल्टर, बाटली, पाईप, घोंगडीतली बाळंतीण. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण मॅडम, पेपर तर अजून मागे घेतलेला नाही ना? मग वापरायला काय हरकत?"

 मी त्याला म्हणाले, "तुमच्याकडे पाऊस कोण मोजतं?"

तो म्हणाला, "आहेत गावातले काही लोक."

"त्यांना फोन करा," मी म्हणाले. "आधी त्यांना फोन करा, मग मला."