लीलाआंटींची जाळरेषा

लीलाआंटी कोणताही सौदा पक्का करताना एकच प्रश्न विचारायच्या, "वर काय?" भाजीवाल्याला विचारलं तर समजू शकतो. त्यांनी तो आमच्या डॉक्टरांनाही विचारला होता, गुडघ्यात इंजेक्शन घेऊन झाल्यावर. डॉक्टरांनी गडबडून टेबलावरचं कॅलेंडर देऊन टाकलं.

त्यांची माझी ओळख झाली खरवई गावामागच्या टेकडीवर. टेकडी वनखात्याची, कुंपण घातलेली. दर रविवारी काही मंडळी तिथे झाडांची देखभाल करायला जात. माझी साखर वाढल्यावर बायकोने, म्हणजे मंजूने, माझं नाव परस्पर त्यांच्यात घातलं. म्हणाली, "निसर्गसेवा होईल तेव्हा होईल, निदान सोफ्याला विश्रांती मिळेल."

पहिल्याच चढावर मी एका दगडावर बसलो. मागून एक सत्तरीच्या बाई आल्या. गुलाबी पंजाबी ड्रेस, पांढरे बूट, डोक्यावर टर्किश टॉवेल.

"साईं, धाप लागली?"

"छे, फुलं बघतोय."

"बघ बघ. मी पण पहिल्या दिवशी खूप फुलं बघितली." आणि डब्यातून कोकी काढून माझ्या हातावर ठेवली. कोकी म्हणजे सिंध्यांची कांदा घातलेली, खरपूस जाड पोळी. त्या दिवसापासून मी टेकडीवर नियमित जाऊ लागलो. मंजूला वाटलं, झाडांसाठी.

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये त्यांचं कटपीसचं दुकान होतं आणि दुकानावरच घर. "खिडकी उघडली की समोरवाल्याचं लाईटचं मीटर," त्या सांगायच्या. "शादी होके आयी तब से वोही देखा." नवरा गेल्यावर मुलाने कात्रपला आमच्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला, आणि म्हातारपणी त्यांच्या वाट्याला गॅलरी आली, समोर टेकडी असलेली. त्यांनी लगेच वर जाऊन, गॅलरीतून दिसेल अशा जागी एक कांचन लावला. पुढच्याच उन्हाळ्यात वणव्यात तो जळाला. पाऊस पडल्यावर मात्र काळ्या खुंटाच्या बुडातून हिरवा फुटवा आला. त्याला आळं करता करता त्या म्हणाल्या, "परत जळला तर मी नाही लावणार हां. तिसऱ्या झाडाची वाट बघायला आपल्याकडे टाइम नाही." हे त्यांनी हसत सांगितलं. मी हसलो नाही.

म्हणून त्या वर्षी दसरा झाल्याबरोबर आम्ही जाळरेषा काढायला घेतली. टेकडीच्या कडेने गवत कापून पट्टा मोकळा ठेवायचा, म्हणजे वणवा तिथवर आला तरी त्याला पुढे खायला काही मिळत नाही. ऑक्टोबरचं ऊन, कमरेएवढं गवत, अंगभर कुसळं. पहिल्या तासात मी विळ्याने स्वतःच्या बुटाची नाडी कापली. पण पट्टा निघाला. कापलेलं गवत आम्ही त्याच पट्ट्यात नीट ओळीने रचलं, हातात विळे घेऊन फोटो काढले आणि घरी जाऊन झोपलो.

पुढच्या रविवारी ते गवत वाळून कडकडीत झालेलं. आम्ही वणव्यासाठी गालिचाच अंथरला होता!

"अड़े!" आंटींनी कपाळावर हात मारला. "कापलेला माल दारातच ठेवला? आता उचलणार कोण?"

आम्ही सगळे पाठीला हात लावून उभे. तेवढ्यात कुंपणापलीकडून खरवईचा बाळाराम म्हशी घेऊन चालला होता. दरवर्षी गवताला काडी कोण लावतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं.

"बालारामदादा, हा सगळा चारा घेऊन जा."

"आन् मंग?" त्याला संशय आला.

"आणि यंदा काडी लावायची नाही."

"आमचा आजा लावायचा, बाप लावायचा. जाललं का नवा गवत चांगला येते."

"तो येईल तेव्हा येईल. हा आयता कापलेला आहे. हे सगळे पोटवाले दर रविवारी कापणार, तू फक्त न्यायचा."

मी पोट आत घेतलं. बाळारामने बराच वेळ तंबाखू मळली. "बरा. नाय लावत."

"वर काय?"

"अवो आंटी, आग नाय लावत, यो काय कमी हाय?"

"दुसऱ्याने लावली तर?"

तो हसला. "तं येईन इझवाला."

शिमगा झाल्यावर एका दुपारी रस्त्याच्या बाजूने धूर दिसला. आंटींचा गुडघा तेव्हा संपावर होता. त्या गॅलरीचा कठडा धरून उभ्या राहिल्या, मी रिक्षाने निघालो. धापा टाकत वर पोहोचलो तर बाळाराम आणि त्याचे भाऊ ओल्या फांद्यांनी आग झोडपत होते. पट्ट्यापाशी येऊन ती अडखळली आणि धुमसत बसली. मी फोन लावला.

"आंटी, आहे."

पलीकडून लगेच, "पानं?"

"थोडी करपलीत. पण आहेत."

"बालारामला थांबव. कोकी टाकते."

पुढे मुलगा त्यांना बडोद्याला घेऊन गेला. त्यालाही आता दोन-तीन दसरे झाले. यंदा कांचन फुलला. मी आमच्या गॅलरीत उभा राहून व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टेकडीकडे धरला. आंटींनी डोळे बारीक केले.

"वो गुलाबी ठिपका? एवढासाच?"

"एवढासाच."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. टॉवेलने डोळे पुसले, मग सवयीने म्हणाल्या, "वर काय?"

या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. "शेजारी आणखी एक कांचन लावलाय, आंटी. या पावसात. इथून दिसत नाही अजून."

"कोणी?"

"बाळारामने. मी विचारलं, हा कशाला? तर म्हणाला, आंटीला सांग, यो वरचा."