रिलीजला कुणी बोलावलंच नाही

"पुढच्याला मागच्याचं उष्टं नको," असं म्हणत सर कॅल्क्युलेटरवरचं 'सी' बटण दाबायचे. पडद्यावर आधीच शून्य असलं तरी दाबायचे. चहा झाला की कप विसळून खिडकीत पालथा घालायचे. फळ्याच्या कोपऱ्यात एक शब्द लिहिला तरी अख्खा फळा पुसायचे. माझ्या खुर्चीवर बसून कॉम्प्युटर बघितला, तर उठताना खुर्ची होती तेवढ्या उंचीवर आणून ठेवायचे आणि वर सीट हाताने झटकायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. फक्त तुमच्या पाहण्यातल्या माणसामुळे कुणाच्या दारात टेम्पोतून म्हैस उतरली नसेल.

मी तेव्हा शिरूरला आप्पांच्या वधूवर केंद्रात टायपिंगला होते. आप्पा पंचायत समितीच्या निवडणुकीत पडले, तेव्हा त्यांच्याकडे गावोगावचे कार्यकर्ते तेवढे शिल्लक राहिले. रिकामा कार्यकर्ता वाईट, असं आप्पांचं मत. म्हणून मार्केट यार्डाजवळ खतांच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन त्यांनी हे केंद्र काढलं. कार्यकर्ते स्थळं गोळा करून आणायचे, मी ती कॉम्प्युटरवर चढवायची. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. कुणीतरी आप्पांना सांगितलं की वेबसाइट नसेल तर लोक तुम्हाला जुन्या काळातले समजतात. आप्पांना पुन्हा निवडणूक लढवायची होती. त्यांनी सरांना आणलं.

सर दौंडचे. मुसलमान, त्यांचं घराणं तिथं कितीतरी पिढ्यांचं. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होते, ती बंद पडली आणि ते घरी परतले. रोज चौफुल्यापर्यंत एसटीने आणि पुढे न्हावऱ्यावरून जीपने शिरूरला यायचे. अंगात इस्त्रीचा शर्ट, त्यावर जीपमधल्या सहप्रवाशांच्या मेथी-कोथिंबिरीची एखादी काडी. ती काडी झटकल्याशिवाय जिना चढायचे नाहीत.

सरांनी आमच्या वेबसाइटसाठी जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत स्वतःचा एक टॅग बनवला होता. त्याचं नाव 'स्थळ'. मला त्यांनी तो असा समजावला. पानावर प्रत्येक मुलाची नि मुलीची एक चौकट दिसायला हवी. फोटो, नाव, शिक्षण, व्यवसाय, अपेक्षा. दर वेळी सगळं लिहीत बसण्यापेक्षा पानात नुसता 'स्थळ' असा टॅग लिहायचा. मग सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, तो टॅग कामाला येतो, माहिती घेतो, चौकट मांडतो आणि जातो. जाताना त्याच्या खिशातलं सगळं काढून ठेवायचं कामही सरांनी लिहिलं होतं. ते जिथं लिहिलं, त्या भागाचं नाव रिलीज. "साफसफाई लिहिलेली आहे," हे वाक्य ते देवाचं नाव घ्यावं तसं म्हणायचे.

वर्षभर सगळं छान चाललं. वेबसाइट बघणारे तसे थोडेच होते, पण आप्पांचे कार्यकर्ते तिच्यावरची पानं छापून गावोगाव वाटायचे. मग पुण्याच्या ज्या लोकांच्या सर्व्हरवर आमची साइट होती, त्यांनी सर्व्हर बदलला. तसं त्यांनी कळवलंही होतं. जास्त वेगवान आहे, असं म्हणाले. आप्पांनी त्या आनंदात भेळ मागवली.

पहिला फोन तळेगाव ढमढेऱ्याहून आला. तिथला एक भाजीपाला पिकवणारा तरुण. त्याने अर्जात व्यवसायाची जागा कोरी ठेवली होती, कारण शेती लिहिली की मुलीकडचे पुढे वाचत नाहीत. छापील पानावर त्याच्या फोटोखाली आलं होतं, 'स्वतःचे ब्युटी पार्लर'. मी धास्तावून माफी मागायला लागले, तर तो हळू आवाजात म्हणाला की तक्रार नाही, इतकी स्थळं आयुष्यात आली नव्हती. फक्त पार्लरमध्ये काय काय करतात ते जरा सांगाल का.

सरांनी माझं टायपिंग तपासलं. ते बरोबर होतं. त्यांनी स्वतःचं लिखाण वाचलं. "साफसफाई लिहिलेली आहे," म्हणाले, आणि कॅल्क्युलेटरचं 'सी' दाबलं.

मग केडगावची मुलगी आली. दवाखान्यात नर्स होती. वडील नव्हते, घरात आई आणि ती. जीपमधून उतरून तशीच जिना चढली आणि छापील पान सरांच्या टेबलावर ठेवलं. तिने अपेक्षांची जागा कोरी ठेवली होती. पानावर तिच्या फोटोखाली छापलं होतं, 'शेतीची आवड असावी. म्हशीची धार काढता यावी. शहराकडे ओढा नसावा.'

त्या काळात शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळणं किती अवघड झालं होतं, हे आपल्याकडच्या कुणाला सांगायला नको. आणि इथं एक शिकलेली, नोकरी करणारी मुलगी स्वतःहून धार काढणारा नवरा मागत होती. ते पान तालुक्यात वाऱ्यासारखं फिरलं. केडगावला तिच्या दारात जीपवर जीप यायला लागली. पोरं यायची, पोहे खायची आणि पोराचा बाप म्हणायचा, म्हैस कुठंय, दाखवतो आमचा बाळू. मुलीकडे म्हैस नव्हती. मग शेजारच्या मामांच्या गोठ्यात चाचण्या व्हायला लागल्या. खरं तर त्यातल्या निम्म्यांच्या घरी धार आई नाहीतर वहिनीच काढायची. कुणी उलट्या बाजूने बसलं, कुणी म्हशीला आधी नमस्कार केला. मामांची म्हैस दुधाला आटली, तेव्हा मामांनी बोलणं बंद केलं. शेवटी एका पाहुण्यांनी टेम्पोतून स्वतःचीच म्हैस आणली. ती टेम्पोतून उतरली आणि परत चढेना. पाहुणे मुक्कामाला राहिले.

"माझी आई रोज एवढ्यांचे पोहे करून आजारी पडली," ती म्हणाली. "हे माझ्या नावावर कुणी लिहिलं, तेवढं सांगा."

ती चिडली नव्हती. दमली होती. सरांनी तिला खुर्ची दिली आणि तिच्यादेखत सगळं पुन्हा वाचायला घेतलं. बराच वेळ गेला. मग त्यांचा हात थांबला.

त्यांनी तिला जे सांगितलं ते मला आजही समजतं, म्हणून सांगते. जुना सर्व्हर उधळ्या होता. प्रत्येक स्थळासाठी नवा टॅग आणायचा आणि काम झालं की टाकून द्यायचा. नवा सर्व्हर काटकसरी. एकच टॅग तो पुन्हा पुन्हा वापरायचा. आणि रिलीजला बोलवायचं ते टॅग कायमचा टाकून देताना, मधे नाही. हॉटेलात गिऱ्हाईक बदललं तरी ग्लास तोच, आणि धुणं मात्र हॉटेल बंद करताना. तिच्या आधीच्या चौकटीत एका मुलाने बायकोबद्दल लिहिलेल्या अपेक्षा होत्या. तिची जागा कोरी होती, म्हणून टॅगच्या खिशात उरलेल्या त्याच्या अपेक्षा तिच्या नावावर चढल्या.

"म्हणजे मी त्याचं उष्टं खाल्लं," ती म्हणाली.

सरांनी मान खाली घातली. मग विचारलं की तुमची खरी अपेक्षा काय आहे, आत्ताच लिहून टाकतो. तिने जरा विचार केला.

"राहू द्या रिकामंच. मला अजून कळलेलं नाही."

सरांनी साफसफाईच्या ओळी रिलीजमधून उचलल्या आणि प्रत्येक चौकट संपते त्या जागी आणल्या. मधेच काही बिघडलं आणि चौकट अर्धवट राहिली तरी पुसलं जाईल, अशीही सोय केली. तेवढ्यात आप्पा आले. झालेलं ऐकून ते हसले आणि म्हणाले की दुरुस्ती करायची न्हाई. तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या पोरांना पहिल्यांदा कुणी दारात उभं करतंय, पोरं धारा काढायला शिकली, ह्यात वाईट काय.

"आन् कोऱ्या जागेत हाय काय, सर? काहीतरी दिसू द्या की लोकांना."

सर आप्पांपुढे आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही. "कोरं असेल तर कोरंच दिसलं पाहिजे, आप्पा. ते कोरं तिचं आहे."

आप्पा म्हणाले की मग नोकरीचा इचार करा. सरांनी दुरुस्ती सर्व्हरवर चढवली, कप विसळून पालथा घातला आणि पिशवी उचलली. मुलगी अजून तिथंच बसली होती. तिने आप्पांकडे नुसतं बघितलं. आप्पांनी घसा खाकरला, आणि मग सरांना म्हणाले की जीप जायला अवकाश हाय, बसा.

पण सरांचं समाधान झालं नाही. ज्यांच्या ज्यांच्या चौकटीत गोंधळ झाला, त्यांच्या घरी जाऊन माफी मागायची असं त्यांनी ठरवलं. आप्पांनी मला बरोबर पाठवलं, बायकांशी बोलायला कुणीतरी हवं म्हणून. आम्ही ओट्यावर बसायचो, चहा यायचा आणि सर टॅगचा जन्म, काम आणि शेवट अथपासून इतिपर्यंत सांगायचे. लोक शांतपणे ऐकायचे. एका ठिकाणी एक आबा अखेरीस म्हणाले, "म्हंजी ह्यो रिलीज कामावर आलाच न्हाई म्हना की."

सर म्हणाले, "नाही आबा, त्याला बोलावलंच नाही."

"कवापास्नं?"

"सर्व्हर बदलल्यापासून."

आबांनी बायकोकडे बघून च्‌ च्‌ केलं. "बोलावल्याबिगर कसा यील बिचारा."

तिथून ते पसरलं. रिलीज नावाचा कुणी ख्रिश्चन गृहस्थ आप्पांकडे साफसफाईला होता आणि नव्या सर्व्हरसाहेबाने त्याला कामावर बोलवायचं बंद केलं, असं सगळ्या तालुक्याला कळलं. केडगावला मिशन जुनं, त्यामुळे नाव कुणाला विचित्र वाटलं नाही. आप्पांनी तर तक्रार घेऊन येणाऱ्यांना सरळ सांगायला सुरुवात केली की रिलीजला काढून टाकलाय. सरांना ते सहन होईना. रिलीजची काही चूक नाही, चूक माझी आहे, मी त्याला भलतं काम दिलं, असं ते भेटेल त्याला सांगायचे. त्यामुळे लोकांना सर फार मोठ्या मनाचे वाटले आणि रिलीजबद्दलची हळहळ आणखी वाढली. एक बाई तर म्हणाल्या की त्याच्या पोराबाळांचं काय.

केडगावच्या मुलीचं लग्न ठरलं. धार काढायला आलेल्यांच्या त्या गर्दीत न्हावऱ्याचा एक मुलगा होता, त्याच्याशी. मामांच्या गोठ्याच्या दारापर्यंत गेला आणि थांबला. म्हणाला, मला धार येत नाही आणि म्हशीची भीती वाटते, लहानपणी लाथ बसलीय. शेती करतो, पण ऊस आणि कांदा. त्याचा बाप ओशाळला. ती मात्र हसली. किती दिवसांनी हसली, असं तिची आई मला सांगत होती.

आमच्या ऑफिसात पत्रिका आल्या. एक आप्पांना, एक सरांना, एक मला. चौथीवर लिहिलं होतं, 'श्री. रिलीजसाहेब, सहकुटुंब सहपरिवार'.

लग्नात अक्षता पडल्यावर मानपान सुरू झाले. माईकवरून वराचे चुलते एकेकाचं नाव घेत होते आणि त्याला फेटा बांधत होते. आप्पांना बांधला, सरांना बांधला. मग पुकारलं, "ज्यांच्यामुळं हा योग आला, ते रिलीजसाहेब. असतील तिथून स्टेजवर यावं."

लोक मान वळवून बघायला लागले. चुलत्यांनी पुन्हा पुकारलं. पंगतीतून एक आवाज आला की आप्पांनी काढून टाकलेल्या माणसाला यायचं तोंड कुठं असणार. आप्पा समोरच्या पंख्याकडे बघत बसले. माझ्या शेजारी बसलेले सर अस्वस्थ झाले. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा ते उठले.

"सर, कुठं?" मी विचारलं.

"बोलावलंय त्याला," ते म्हणाले. "कुणीतरी जायला नको का?"

ते स्टेजवर गेले. डोक्यावर आधीच एक फेटा होता. चुलते गोंधळले, मग त्यांनी दुसरा फेटा सरांच्या दोन्ही हातांवर ठेवला. सरांनी तो छातीशी धरला आणि मांडवाला नमस्कार केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरी खाली मान घालून इतकी हसत होती की तिची मुंडावळी हलत होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी सरांना दिल्लीकडे एका कंपनीत नोकरी लागली. त्यांना पोचवायला आम्ही दौंड स्टेशनवर गेलो. आप्पा हार घेऊन आले होते, न्हावऱ्याचं जोडपंही होतं. सरांचे वडील होते, रेल्वेतच आयुष्य काढून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. गाडी सोलापूरकडून आली. सर चढले, सामान लावून दारात येऊन उभे राहिले. आप्पांनी ठरवलं की आपण पुढे जाऊन उभं राहू, म्हणजे गाडी सुटल्यावर डबा समोरून जाताना हार हातात देता येईल. आम्ही सगळे पुण्याच्या बाजूला चालत गेलो. वडील तेवढे उलट्या बाजूला लांब जाऊन एका बाकावर बसले. म्हातारं थकलं, असं आप्पा म्हणाले.

शिरूरला रेल्वे नाही. सोलापूरकडून मनमाडमार्गे दिल्लीला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढतात आणि दुसऱ्या टोकाला जोडतात, हे आमच्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. सर दारातून हात करत होते, बोटाने काहीतरी दाखवत होते. आम्हीही भरभरून हात केले. शिट्टी झाली, धक्का बसला आणि गाडी आली त्याच बाजूला निघाली. आप्पा हार घेऊन थोडं पळाले आणि थांबले.

लांबवर सरांचा डबा वडिलांच्या बाकासमोरून गेला. वडील उठून उभे राहिले होते. सरांनी दारातून वाकून त्यांच्या हाताला हात लावला, आणि गाडीने वेग घेतला.