सोरपोतेल, पेत्राची चादर आणि संकष्टी

"पप्पा, झाकण उघडू नका!" शेरी अशी किंचाळली, की खोताच्या वाडीतली सगळी मांजरं शेपट्या ताठ करून प्रार्थनेला उभी राहिली.

झाकण माझ्या हातात होतं. टोपात सोरपोतेल, म्हणजे साक्षात डुक्कर. समोर होणारे व्याही.

त्याचं असं झालं. शेरीचं लग्न पक्कं करायला मुलाचे वडील, डॅनियलभाऊ, जेवायला आले होते. आम्ही कॅथलिक. तेही ख्रिस्तीच, पण शनिवार पाळणारे, खाण्यापिण्यात जुना करार काटेकोर मानणारे. "त्यांना डुक्कर चालत नाही हं!" शेरीनं आदल्या दिवशी बजावलं. तोवर सोरपोतेल शिजून मुरत पडलेलं (ते शिळं झाल्याशिवाय आमच्यात पाहुण्याला वाढत नाहीत!). मी टोप शेजारच्या सावंतवहिनींच्या बाल्कनीत लपवला आणि एकदम सोवळा बेत केला: कोळंबी, खेकडे, तळलेली माकुलं.

डॅनियलभाऊंनी ताट न्याहाळलं. "पर आणि खवले असतील तेच पाण्यातलं खावं, असं जुना करार सांगतो. ह्यातल्या कशाला आहेत?"

मी खेकडा उलटा करून पाहिला. नव्हते.

"पण भाऊ, नव्या करारात पेत्राला दर्शन झालं ना! आकाशातून चादर उतरली, तीत शुद्ध-अशुद्ध सगळे प्राणी, आणि देव म्हणाला, मारून खा!"

"ते माणसांबद्दल होतं. कुणाही माणसाला अशुद्ध म्हणू नये, हा अर्थ पेत्रानंच सांगितलाय. जेवणाचा संबंध नाही."

शास्त्रात हरलो, पण पाहुणा उपाशी? मी खिडकीतून गर्जलो, "वहिनी, घरात काय शिजलेलं असेल ते आणा हो!"

वहिनी फडक्यात गुंडाळलेला टोप घेऊन धावत आल्या. मी फडकं सोडून झाकण उचललं... पुढचं वर सांगितलंच आहे.

"अहो वहिनी, हे काय आणलंत?"

"आज संकष्टी! घरात नुसती साबुदाण्याची खिचडी. पाहुण्याला उपासाचं कसं वाढू? म्हटलं, तुमचंच तुम्हाला!"

डॅनियलभाऊ उठले. शेरीचे डोळे भरले, पण जीभ माझीच! "अंकल, चादर माणसांबद्दल होती ना? मग जेवण राहू दे. माझ्या पप्पांना तेवढं शुद्ध धरा."

भाऊ थबकले. मग खो खो हसत खाली बसले. "वहिनी, ती खिचडी आणा."

दोन वेळा मागून खाल्ली. लग्न ठरलं!

पाहुणे गेल्यावर मी छाती फुगवून बायकोला म्हटलं, "पाहिलंस? शेवटी माझ्या पेत्रानंच लग्न जुळवलं!"

"खिचडीचा टोप घासा," ती म्हणाली.