चिंधा पेंटर आणि मागून आणलेलं आंगडं

माझ्या वर्गात कुणी भुताची गोष्ट काढली तर मी त्याला बाकावर उभा करतो. शहाद्याला ड्रॉइंग मास्तर म्हणून माझी उमर फूटपट्टी आणि खोडरबराच्या संगतीत गेली. अंगात येणं, दृष्ट लागणं, भगताचे मंत्र... या सगळ्याला मी थोतांड म्हणत आलो आणि आजही म्हणतो. तेव्हा हे वाचून ‘मास्तर, तुम्हीसुद्धा?’ असं कुणी विचारू नये. मी पाहिलं तेवढंच सांगतोय.

निमित्त असं, की मुंबईच्या एका मासिकात आमच्या चिंधा पेंटरवर लेख आलाय. गुळगुळीत कागद, चित्रांचे फोटो, सगळा थाट. ‘आजच्या चित्रकलेतला अस्सल माणूस’ काय, ‘माणसाच्या आत शिरणारी शैली’ काय! लेखक महाशय चिंधाच्या शेजारी कधी बसलेले दिसत नाहीत. बसले असते तर आधी नाकाला रुमाल लावला असता, मग शैलीचं बोलले असते.

चिंधा मूळचा धानोऱ्याकडचा. आधी एका फिरत्या नाटक मंडळीत पडदे रंगवायचा. त्याच्या जंगलातली झाडं म्हणजे बाजारातल्या पालकाच्या जुड्या! मंडळी मोडली तसा नंदुरबारला आला आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. तिथून मारवाडी शेठ लोकांच्या पेढ्यांत शिरला. गादीच्या मागे वडिलांचं पोर्ट्रेट सगळ्यांनाच हवं असतं, आणि जुन्या माणसांनी फोटो काढून घेतलेला नसतो. ज्याला कधी पाहिलं नाही अशा मेलेल्या माणसाचा चेहरा चिंधा हुबेहूब काढून देतो, अशी त्याची ख्याती झाली. मग सुरत, मग मुंबई, आणि आता मासिकात लेख.

स्टाईल म्हणाल तर — रेखाटन नाही, माप नाही, प्रमाणाचा पत्ता नाही. मागे सगळा चिखलासारखा तपकिरी रंग. आणि माणूस सुरू कुठून करतो, तर तोंडातून! आधी खालचा ओठ. ओला, नुकताच कुणी चाटल्यासारखा. मग त्या ओठाभोवती बाकीचा चेहरा जमत जातो. ते ओठ पाहिले की मला शिसारी येते. शेठ लोक मात्र तेच ओठ पाहून ढसाढसा रडायचे.

आणि त्याची पद्धत ऐका. त्याला मेलेल्या माणसाचा कपडा लागायचा. अंगावरचा, न धुतलेला. आधी तो नाकाशी धरून हुंगायचा आणि मग गळपट्टी तोंडात घालून चघळत बसायचा. तंबाखूने काळं पडलेलं ते तोंड, हनुवटीवर उतरलेली लाळ, आणि कपड्यावर घोंगावणाऱ्या माश्या! नंदुरबारच्या एका पेढीवर मी हा प्रकार स्वतः पाहिला. त्या घरची सून तोंडाला पदर लावून आत पळाली. मी न राहवून म्हटलं, निदान धुतलेला तरी कपडा घ्या. तर हा गृहस्थ चघळणं न थांबवता मला सांगतो,

“धुयेल कपडा मन्हा काय कामना, मास्तर? धुयेल कपडा बोलत नही.”

माझं मत तेव्हाच ठरलं होतं. हा न्हाव्याला गाठत असणार. गावातल्या प्रत्येक चेहऱ्याचा खाचखळगा न्हाव्याला तोंडपाठ असतो. कपडा चघळणं हे नुसतं सोंग, गिऱ्हाईक दिपवायला.

आता माझ्या थोरल्या बहिणीचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. आक्का ब्राह्मणपुरीला दिलेली. तिची आधीची मुलं पाळण्यातच गेली. म्हणून शेवटचा मुलगा झाला तेव्हा आमच्याकडे करतात तसं तिने केलं. त्याचं नाव भिका ठेवलं, आणि त्याच्या अंगाला नवा धागा म्हणून लागू दिला नाही. दारोदार पदर पसरून दुसऱ्यांच्या पोरांची वापरलेली आंगडी-टोपडी मागून आणली. मागून आणलेल्या कपड्यातलं पोर मरणाला परक्याचं वाटतं आणि ते त्याला सोडून पुढे जातं, अशी समजूत. फोटो तर लांबच राहिला, पोर गोमटं आहे असं मोठ्याने म्हणायचीही बंदी होती. भिका धावायला-बोलायला लागला, गल्लीभर हुंदडायला लागला... आणि एका पावसाळ्यात तापाने गेला.

त्यानंतर काही वर्षांनी मी दिवाळीला गेलो होतो. आक्का चुलीपुढे बसली होती. भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली,

“भाऊ, माले त्यान्हं तोंड याद येत नही रे. डोया मिटस तं टोपी दिसस, आंगडं दिसस... तोंडनी जागा कोरी.”

मी लगेच कागद घेतला. तिला विचारून विचारून नाक, कान, कपाळ मापात बसवलं. छायाप्रकाश दिला. तिने बराच वेळ पाहिलं आणि माझं मन राखत म्हणाली, “चित्र गोमटं शे. पन हाऊ भिका नही.” मग हळूच म्हणाली, “तो नंदुरबारना पेंटर शे ना... त्याले लई ये.”

त्याला घेऊन यायचं? भिकाचं आंगडं त्या माणसाच्या तोंडात? पण आक्का त्या एका गोष्टीसाठी झुरत होती. पोर गेलं ते गेलंच, आता त्याची आठवणही तिच्या हातातून निसटत होती. मनात म्हटलं, आणू. याचं सोंग एकदाचं उघडं पाडू आणि तिच्या डोक्यातून हे खूळ काढू.

कापूस वेचणीच्या दिवसांत मी त्याला घेऊन निघालो. प्रकाशा गावी नावेत बसलो तर हा तापीमाईत पचापच थुंकत होता. मी त्याला काही म्हणजे काहीच सांगितलं नव्हतं. मुलगा की मुलगी, लहान की मोठं, गोरं की काळं — अवाक्षर नाही. गावातही शेताच्या बाजूने नेलं, थेट आक्काच्या ओसरीत. न्हावी तर सोडाच, वाटेत कुत्रंही आडवं आलं नाही.

आक्काने पेटीतून आंगडं काढलं. न धुतलेलं. छातीवर दुधाचे पिवळे डाग, बाहीला शेंबूड वाळलेला. ती ते आपल्या नाकाशी धरायची हे मला तेव्हा कळलं. चिंधाने ते तिच्या हातातून घेतलं, भिंतीला टेकून बसला आणि गळा तोंडात कोंबला. माश्या जमल्या. मी तोंड फिरवलं. आक्का मात्र समोर बसून एकटक बघत होती.

मग त्याने ते बाजूला टाकलं आणि रंग काढले. ओठ. गाल. दुपार कलेपर्यंत चेहरा तयार झाला. गुबगुबीत गालांचा पोरगा, डोळे घारे, डावी भिवई मधोमध फाटलेली.

आक्का जवळ गेली, वाकली आणि तिथेच खाली बसली. “भिका असा नव्हता. त्यान्हा डोया काया व्हतात.”

खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. झालं ना सोंग उघडं! मी चिंधाला चांगलं फैलावर घेणार, तेवढ्यात शेजारची वेणूमावशी चित्र बघायला म्हणून दारातून आत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

“वं माय! हाऊ तं मन्हा सुका शे! लहानपनना!”

वेणूमावशीचा सुका आता मिशा फुटलेला बाप्या. कैक वर्षं सुरतेच्या गिरणीत. लहानपणी बैलगाडीवरून पडून त्याची भिवई फाटली होती, हे मावशीनेच तेव्हा सांगितलं. मला ते ठाऊक नव्हतं. आक्काही विसरून गेली होती. मावशीची नजर चित्रावरून जमिनीवर पडलेल्या आंगड्यावर गेली. ती आक्काला म्हणाली,

“हाई आंगडं मीच दिधेल व्हतं तुले.”

आक्का उठली आणि तिने पेटी ओसरीत आणून उपडी केली. एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवू लागली. “हाई टोपी कासारसनी... हाई कुडची पाटीलसनी... हाई गोधडीबी मांगेलच.” शेवटी पेटी रिकामी झाली. “त्यान्हं सोतानं काहीच नही, भाऊ.”

मला भयंकर राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. पोर जगावं म्हणून ज्याला जन्मभर परक्याचं सोंग दिलं, त्याचं आता मागे काही उरलंच नव्हतं. आणि हा लाळेरा माणूस खांबाला टेकून दात कोरत होता! मी त्याला म्हटलं, उचला तुमचा पसारा. तो उठला नाही. माझ्याकडे न बघता त्याने आक्काला विचारलं,

“त्यानी तोंड लावेल काही शे का? कपडा कोनाबी ऱ्हावो.”

आक्का आत गेली आणि एक जुनं हिरवं लुगडं घेऊन आली. आमच्या वडिलांनी दिलेलं. भिका तिच्या मांडीवर पदराचं टोक चोखत झोपायचा. ते टोक लाळेने कडक झालेलं, वाळलेल्या चामड्यासारखं, आणि त्याला आंबूस वास येत होता. तो गेल्यानंतर तिने ते नेसलं नव्हतं आणि धुतलंही नव्हतं.

चिंधाने ते टोक तोंडात घातलं आणि लहान पोर चोखतं तसं डोळे मिटून चोखू लागला. त्याचा तो चुटूक चुटूक आवाज! मी गोठ्यामागे जाऊन ओकलो. तोंड धुतलं तरी परत ओसरीत जायला पाय निघेना. दाजी शेतातून आले, काय चाललंय विचारलं. मी म्हटलं, मलाच विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र पाहिलं. भिका नव्हताच. बाईचं चित्र होतं. आक्काचं.

यावर तुम्ही म्हणाल तेच मी म्हणालो. बाई समोर बसली होती, सुचेना म्हणून तिलाच काढलं! मी तसं बोलूनही दाखवलं. पण बोलता बोलता माझ्यातला ड्रॉइंग मास्तर गप्प झाला. चित्र समोरून काढलेलं नव्हतं. खालून काढलेलं होतं. हनुवटी मोठी, जवळ आलेली, वर नाकपुड्या, त्याच्यावर खाली झुकलेले डोळे आणि मागे घराची कौलं. असा चेहरा मापात बसवताना भलेभले चुकतात. मी स्वतः शिकत असताना कितीदा फाडून टाकलाय. आणि ज्याला साधं सरळ कपाळ प्रमाणात येत नाही, त्या चिंधाने तो एका दमात काढला होता. तपकिरी चिखल नाही, चाटलेला ओठ नाही. त्याची स्टाईलच नव्हती ती.

हनुवटीच्या खालच्या बाजूला, गळ्याला लागून, त्याने एक पांढुरका डाग काढला होता. मी म्हटलं, हे काय? आक्काला असला डाग नाही. आक्काने पदर सारला आणि मान वर केली. होता. भिका मांडीवर असताना कढईतलं तेल उडालं होतं म्हणे. चारचौघांत ती मान वर करून कधी बसत नाही. मी सख्खा भाऊ, मला माहीत नव्हतं.

“जपतांना तो आठे बोट ठेवे,” ती म्हणाली. झोप लागेपर्यंत भिकाचं बोट त्या डागावर असायचं.

चिंधा पदराचा एक धागा दातातून काढून जमिनीवर थुंकला आणि ब्रश पुसू लागला. आक्का चित्रासमोरून हलेना. चित्रातली आक्का खाली बघून हसत होती. मी तिला तसं हसताना लहानपणी पाहिलं असेल, त्यानंतर नाही. तिने मला विचारलं,

“इतली हासे का रे मी?”

मी म्हटलं, “हा, आक्का. हासे तू.”

मला खरं तर ठाऊक नव्हतं.

त्या माणसाची मला आजही किळस येते. मासिकातला तो लेख मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा जेवण गेलं नाही. कला म्हणजे मेलेल्यांची लाळ चोखणं असेल तर माझी फूटपट्टी बरी. पण ते चित्र कसं आलं, याला माझ्याकडे उत्तर नाही. न्हाव्याचा तर्क टिकत नाही, समोर बसलेल्या बाईचा टिकत नाही. तिसरा मी इतक्या वर्षांत शोधू शकलेलो नाही. कुणाला सुचलाच तर कळवावा, मी उपकार मानीन.

भिकाचं तोंड आक्काला अजूनही आठवत नाही. ते चित्र तिने भिंतीवर उंच लावून घेतलंय. दुपारचं काम आटोपलं की ती त्याच्याखाली जमिनीवर आडवी होते, हिरव्या लुगड्याचा पदर मुठीत धरते आणि खालून वर बघत राहते. मी घरात असलो तर उठून बाहेर जातो.