उलटा टांगलेला सेल

डेल्फ्टच्या आमच्या प्रयोगशाळेत वित्स्के सव्वीस वर्षं सेल जुळवते. सेल म्हणजे तळहाताएवढी चपटी पेटी. एका अंगानं कार्बन डायऑक्साइड, दुसऱ्या अंगानं क्षाराचं पाणी, मधे ओला पडदा. वीज सोडली की वायूचं कामाच्या वायूत रूपांतर होतं. पडद्यातून पाणी वायूच्या बाजूला झिरपतंच. थोडं हवं, नाहीतर पडदा वाळतो. जास्त झालं की वायूची वाट बुडते आणि सेल नुसता हायड्रोजन ओकत बसतो. शास्त्र एवढंच. बाकीचा आमच्या पीएचडीवाल्या डॉक्टर लोकांचा नट्टापट्टा.

वित्स्केचा बाप सखल फ्रीसलंडात शेतात साचणारं पाणी उपसायच्या पंपावर होता. त्यामुळे वायूचं बाहेर पडायचं तोंड ती खाली ठेवते, झिरपलेलं पाणी आपसूक निघून जातं. हे तिला कुठल्या पदवीनं शिकवलं नाही.

गेल्या साली डिडेरिक प्रमुख झाला. घरातही मफलर गुंडाळणारा माणूस. आल्या आल्या त्यानं जाहीर केलं: सलग शंभर तासांची चाचणी, सोमवारी सकाळी ती बघायला पाहुणे. फसली तर वित्स्केचं टेबल बंद, सेल बाहेरून तयार आणायचे.

बुधवारी वित्स्केची सुट्टी. इथं निम्मी माणसं आठवड्यातला एक दिवस घरी असतात. तेवढ्यात या शहाण्यानं फोटोत नळ्या गबाळ्या दिसतात म्हणून सेल उलटा टांगला, तोंड वर केलं, फोटो काढला आणि चाचणी सुरू केली.

गुरुवारी दुपारी हायड्रोजन चढायला लागला.

"तुझ्या सेलनं दगा दिला, वित्स्के."

ती चीज-पाव चावत होती. "उलटा कुणी टांगला रे?"

"दिशेनं काय होतंय? पाणी ढकलायला वायूचा जोर पुरेसा आहे. मी गणित केलंय."

"पाण्याला दाखवलंस का ते गणित?"

डिडेरिकचा चेहरा पडला. "बंद करून परत सुरू केला तर शंभर तास सोमवारी संध्याकाळी भरतील. पाहुणे सकाळी येणार."

"बंद कोण करतंय? सरक तिकडं."

जादा नळी त्यानं मागे दडवली होती, कापली नव्हती, म्हणून सेल फिरवायला ढील होती, तेवढं नशीब. वित्स्केनं पकड सैल केली आणि वीज चालू ठेवूनच सेल हळूहळू फिरवला. चमचाभर पांढुरकं पाणी भसकन खालच्या बाटलीत पडलं. तासाभरात हायड्रोजन उतरला. रविवारी शंभर तास भरले.

सोमवारी डिडेरिकनं पाहुण्यांना 'दिशानियंत्रित निचरा प्रणाली' समजावली, आपल्याच डोक्यातून निघाल्यासारखी. वित्स्केचं नाव नाही. त्या प्रणालीचा शोधनिबंधही छापला आणि त्यात टाकला बुधवारचा उलट्या सेलचा देखणा फोटो. अडाण्याला तेही दिसलं नाही.

आता तो फोटो बघून सेल जुळवणारे दुसऱ्या देशांतले डॉक्टर तक्रारी करतात. डिडेरिकला उत्तर येत नाही, म्हणून त्यानं वित्स्केच्या टेबलावर फोन बसवून दिलाय. टेबल बंद करायची भाषा त्यानं पुन्हा काढली नाही.

"पाणी साचतंय? फोटो बघून बसवलाय ना?" वित्स्के पाव खाली ठेवत विचारते. "मग उलटा करा, आणि खाली बाटली धरा."